मोहबोडीवरची साय

ज्या सकाळी मोहबोडीवर पहिल्यांदा साय धरली, त्या सकाळी श्रावण दिघोरे आपल्या डोंग्यात उकिडवा बसला होता आणि त्याला वाटलं, आता आपण खाली आभाळात पडणार.

खाली पाणीच आहे हे त्याला ठाऊक होतं. ढिवराच्या, म्हणजे मासेमाराच्या घरातला, अठ्ठावन्न वर्षांचा माणूस तो. चालायला लागायच्या आधी पाण्यात उतरलेला. वल्हं बुडवलं की मनगटाला गारवा लागत होता. पण डोळ्यांना पाणी दिसत नव्हतं. डोंग्याखालून एक ढग सावकाश चालला होता. त्याच्याही खाली, फार खोलवर, एक घार फिरत होती. पाळीवरची, म्हणजे बांधावरची मोहाची झाडं मुळांपाशी मुळं जोडून उलटी उभी होती. एवढ्या पाण्यावर एक सुरकुती नव्हती.

"समीक्षा," त्यानं हाक मारली. आवाज आपोआप खाली आला होता. मोठ्यानं बोललो तर काहीतरी फुटेल असं त्याला वाटलं.

पाळीवर उभी असलेली त्याची मुलगी हसली. "काय झालं, बाबा?"

"मले भेव वाटून रायलं."

"कायचं?"

खरं म्हणजे ते भय नव्हतं. लहान मूल झोपेत हसतं तेव्हा आईला जे वाटतं, त्यातलं काहीतरी ते होतं.

बोडी म्हणजे लहान तलाव. भंडाऱ्याच्या पूर्वेला शहर जिथं संपत आलं होतं, तिथं ही सहा एकरांची मोहबोडी होती, आणि तिच्या तिन्ही बाजूंनी एकशे चाळीस घरांची वसाहत उठली होती. बोडी वाचली ती तलाव समितीमुळे. निवृत्त मुख्याध्यापिका लांजेवार मॅडम समितीच्या अध्यक्ष. साबणाचं पाणी बोडीत सोडायचं नाही, दर तिसऱ्या वर्षी गाळ काढायचा, काठावर बेशरमाची झुडपं दिसली की उपटायची, मूर्ती वेगळ्या टाक्यात विसर्जित करायच्या, असे नियम त्यांनी घरोघर फिरून रुजवले होते. मासेमारी ढिवरांकडेच राहिली. श्रावण समितीचा सभासदही होता आणि तलावाचा राखणदारही.

पण नियमांनी उन्हाळा थांबत नाही. सन दोन हजार एक्केचाळीसच्या मे महिन्यात पारा अठ्ठेचाळीसच्या वर गेला आणि बोडी आटली, पार तळापर्यंत. आजूबाजूच्या विहिरी कोरड्या पडल्या. भेगाळलेल्या चिखलात तडफडणारे मासे श्रावणनं हातांनी उचलून टोपल्यांत भरले होते. त्या दिवशी तो घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडला आणि दोन दिवस कुणाशी बोलला नाही. समीक्षा तेव्हा नागपूरच्या एका प्रयोगशाळेत रसायनशास्त्रात संशोधन करत होती. आईनं, कांतानं, तिला फोनवर सगळं सांगितलं. समीक्षा फक्त एवढंच म्हणाली, "माय, बाबाले सांग, मी काहीतरी करतो."

तिनं केलं ते असं.

विदर्भातल्या उन्हाळ्यात उघडं पाणी रोज बोटभर खाली जातं. ते जमिनीत मुरतं त्याहून जास्त वाफ होऊन आभाळात जातं. पण काही मेणचट पदार्थांचे रेणू असे असतात की त्यांच्या एका टोकाला पाणी आवडतं आणि दुसऱ्या टोकाला मुळीच नाही. असा पदार्थ पाण्यावर टाकला की प्रत्येक रेणू डोकं पाण्यात आणि शेपूट हवेत करून उभा राहतो, खांद्याला खांदा लावून, जत्रेतल्या गर्दीसारखा. फक्त एका रेणूच्या जाडीचा पडदा तयार होतो. तो डोळ्यांना दिसत नाही. पण पाण्याच्या कणाला त्या गर्दीतून वाट काढून वाफ होणं जड जातं. पडदा इतका पातळ की सहा एकर झाकायला अर्धा कप पदार्थ पुरतो.

ही गोष्ट शंभर वर्षांपासून माहीत होती. अडचण वाऱ्याची होती. वारा सुटला की पडदा फाटायचा आणि काठाला जाऊन गोळा व्हायचा. समीक्षानं धानाच्या कोंड्यातल्या मेणापासून दोन प्रकारचे रेणू बनवले, जे शेजारी आले की एकमेकांत अडकतात आणि तुटले तर पुन्हा हात शोधतात. तिचा पडदा फाटला की पाच मिनिटांत आपला आपण सांधला जायचा. तिनं त्याला लांबलचक नाव दिलं होतं. कांतानं पहिल्यांदा ते ऐकलं आणि म्हणाली, "म्हंजे दुधावरची साय." तेव्हापासून तो पडदा सायच झाला.

असा पडदा बारीक लाटाही उठू देत नाही. समीक्षाला हे कागदावर माहीत होतं. ते डोळ्यांना कसं दिसेल, याचा विचार मात्र कुणीच केला नव्हता.

*

मार्च सरला, एप्रिल लागला. बोडी जिथल्या तिथं भरलेली राहिली. पाळीवर रंगवलेल्या पट्टीवर पाणी महिन्याभरात चार बोटंच उतरलं. एरवी ते हातभर उतरायचं.

पण वसाहतीत पट्टीकडे बघणारा श्रावण एकटाच. बाकीचे पाण्याकडे बघत होते. संध्याकाळी लोक घरातून खुर्च्या आणून काठावर बसायचे. सूर्य मावळताना वरचं आणि खालचं आभाळ एकच व्हायचं, मधे वसाहतीची घरं तरंगायची. पोरांनी खडा टाकला तर एकच वर्तुळ उठायचं, जरा सरकायचं आणि विरून जायचं. मग पोरांनीही खडे टाकणं सोडलं. बायका दबक्या आवाजात बोलू लागल्या. भांडलेली माणसं शेजारी शेजारी बसून एकाच ढगाकडे बघत राहायची. कुणाच्या घरी पाहुणे आले की चहाआधी त्यांना बोडीवर नेलं जायचं, आणि ते पाहुणे परतताना रस्त्यानं हळू हळू चालायचे, झोपेतून उठल्यासारखे.

लांजेवार मॅडम रोज एकाच पायरीवर बसायच्या. त्यांचे यजमान जाऊन तीन वर्षं झाली होती. एकदा श्रावण डोंगा बांधत होता तेव्हा त्या म्हणाल्या, "श्रावणभाऊ, घरात मला सारखं काहीतरी ऐकू येतं. नळ गळतोय, दार वाजतंय, कुणी हाक मारतंय. इथं आलं की सगळं थांबतं. समीक्षाला सांगा, तिनं पाणी तर वाचवलंच, पण आम्हालाही वाचवलं."

श्रावणनं मान डोलावली. ज्या वसाहतीत त्याच्या बापाला मासळीची टोपली घेऊन मागच्या दारानं यावं लागायचं, तिथं आज त्याच्या मुलीचं नाव मॅडम असं घेत होत्या.

समीक्षा दर शनिवारी नागपूरहून यायची. तिनं बोडीवर तीन छोटे तराफे सोडले होते. सूर्य वर आला की त्यांतून साय थेंब थेंब पाझरायची, उणीव भरून काढायची. पाळीजवळ एक यंत्र दर दुपारी पाण्याची उष्णता आणि त्यात विरघळलेला प्राणवायू मोजून प्रयोगशाळेत कळवायचं. पण डोहावर, म्हणजे बोडीच्या सगळ्यात खोल जागी, तिनं यंत्र ठेवलं नव्हतं.

"तिथलं माप तुम्ही घ्या, बाबा," ती म्हणाली होती. "सूर्य उगवायच्या आधी. पाण्यातलं शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं आणि अंधारात तेच तो वापरतं, म्हणून पहाटे तो सगळ्यात कमी असतो. साय असली की लाटा नसतात, म्हणजे वरची हवा पाण्यात मिसळत नाही. शिवाय वाफ होताना पाणी गार होतं. वाफच नाही तर पाणी तापतं, आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू टिकत नाही. माझी खरी भीती तीच आहे. आकडा चारच्या खाली गेला आणि तीन दिवस तसाच राहिला, तर साय मोडायची. मग कुणी काही म्हणो."

"मोडायची म्हंजे?"

"तराफे बंद करायचे. हळूहळू किडे-जंतू तिला खाऊन टाकतील."

श्रावण रोज पहाटे डोंगा घेऊन डोहावर जायचा, मापकाची तार सात हात खाली सोडायचा आणि दिसला तो आकडा मुलीला फोनवर पाठवायचा. सहा. साडेपाच. पाच. त्याला त्या वेळा आवडायच्या. वर शुक्र, खाली शुक्र, मधे तो.

*

पहिल्यांदा गेल्या त्या निवळ्या. पाण्यावर पळणारे ते हलके किडे सायीवर पाय ठेवताच बुडायचे. पाण्याच्या अंगचा ताणच सायीनं सैल केला होता. मग डास गेले. वसाहतीला त्याचा आनंदच झाला. किडे गेले तशा ते टिपणाऱ्या पाकोळ्या यायच्या थांबल्या. टिबुकल्यांची, म्हणजे बुड्या मारणाऱ्या छोट्या पाणपक्ष्यांची, एक जोडी होती, ती काठावर येऊन तासन् तास पंख साफ करत बसू लागली. संध्याकाळी बोडीवरून यायची ती गार झुळूक आता यायची नाही. लोक घामानं भिजून काठावर बसायचे, तरी उठायचे नाहीत.

श्रावणला हे सगळं दिसत होतं. पण एप्रिलात त्याला वाटलं, हे चालायचंच. पाणी तर आहे.

मेच्या पहिल्या तारखेला आकडा आला तीन पूर्णांक आठ. त्यानं तो पाठवला. समीक्षाचा लगेच फोन आला. "उद्या परत बघा."

दुसऱ्या दिवशी तीन पूर्णांक सहा. तोही त्यानं पाठवला. या वेळी फोन आला तेव्हा तिचा आवाज थकलेला होता. "बाबा, बारा तारखेला तपासणीची मंडळी येऊन रायली. सहा जण, तिघं दिल्लीचे. त्यायले पसंत पडलं तर पुढच्या वर्षी चाळीस तलावांवर साय पडते. चाळीस, बाबा. आणि उद्या आकडा खालीच आला तर तिसरा दिवस होते, मले उद्याच तराफे बंद करावे लागतील. आठ वर्षं झाली हे करून रायलो." मग म्हणाली, "असू द्या. जे असंल ते पाठवा."

तिसऱ्या पहाटे श्रावणनं तार खाली सोडली. तीन पूर्णांक चार.

पाण्याचा आरसा स्वच्छ होता. त्यात त्याचा स्वतःचा चेहरा वाकून वर बघत होता. त्याला चाळीस तलाव दिसले, चाळीस ठिकाणी भरलेले, आणि कुठल्याही तलावाच्या चिखलात कुणीही मासे वेचत नव्हतं. नऊच दिवसांचा प्रश्न होता. नऊ दिवसांत काय होणार आहे?

त्यानं लिहिलं, चार पूर्णांक दोन.

फोन वाजला. "बाबा! वर गेला!" ती हसत होती, लहानपणी हसायची तशी. "वारा आला असंल काल."

"हाव," श्रावण म्हणाला. "आल्ता थोडासा."

त्यानंतर रोज त्याला आकडा बनवावा लागला. चार पूर्णांक एक. चार पूर्णांक तीन. खरे आकडे तो डोक्यात ठेवायचा, आणि ते तिथं तापायचे. तीन. दोन पूर्णांक सात. जेवताना कांता म्हणाली, "तुमचं ध्यान कोठं हाय?" त्यानं ऊन बाधलं म्हणून सांगितलं.

बारा तारखेला मंडळी आली. सकाळी दहाचं ऊन, तरी काठावर उभी राहिली आणि त्यांच्यातला सगळ्यात वयस्कर माणूस बोलायचं विसरला. त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. आभाळ त्याच्या बुटांपाशी येऊन थांबलं होतं. समीक्षा तक्ते दाखवत होती, डोहावरचे आकडे वाचत होती, आणि श्रावण मागे उभा राहून आपल्या पायांकडे बघत होता. जाताना तो वयस्कर माणूस श्रावणपाशी थांबला आणि हिंदीत म्हणाला, मापं तुम्हीच घेतलीत ना, फार नेमानं घेतलीत. श्रावणनं हात जोडले.

*

तेरा तारखेच्या पहाटे डोंगा सोडायची गरज पडली नाही. काठावरूनच दिसत होतं.

सगळ्या कडेनं मासे वर आले होते. तोंडं पाण्याबाहेर काढून ते हवा ओढत होते. शेकडो तोंडं उघडत होती, मिटत होती, आणि त्यांच्याभोवती एवढी हालचाल असूनही लाट उठत नव्हती. मधे आरशावर रोहू पांढरं पोट वर करून पडले होते. प्रत्येकाच्या खाली त्याचं प्रतिबिंब, म्हणून दुप्पट वाटत होते. ढग त्यांच्यामधून चालले होते. मरळ तेवढे धडधाकट होते. मरळ हवेवर जगू शकतो.

श्रावणनं स्वतःच फोन लावला. "ये," एवढंच म्हणाला.

समीक्षा दीड तासात आली. पायरीवर गुडघे टेकून तिनं एक मेलेला मासा उचलला, त्याचे कल्ले उघडून बघितले. मग मोबाइल काढून आकड्यांची यादी वर-खाली केली.

"चार पूर्णांक चार," ती म्हणाली. "कालचा. चार पूर्णांक चारला मासे मरत नाहीत. मापक बिघडला असेल. बाबा, तार कुठं अडकली होती का?"

"मापक बराबर हाय."

"मग?"

"तीन तारखेपासून मी खोटे आकडे देल्ले."

तिनं वर बघितलं. श्रावणनं खरे आकडे सांगायला सुरुवात केली, तारखेसकट, एकापाठोपाठ. त्याला सगळे पाठ होते. कालचा सांगून झाला, एक पूर्णांक नऊ, तेव्हा तो थांबला.

कामाचं सांगणं सोडलं तर घरी समीक्षा घरच्या बोलीत बोलायची. रागावली तर जास्तच. आज ती पुस्तकातलं मराठी बोलली.

"का?"

"तुह्यासाठी."

"माझ्यासाठी तुम्ही एकच करायचं होतं. दिसेल ते लिहायचं होतं. म्हणून मी तिथं यंत्र नाही ठेवलं, बाबा. यंत्र बिघडतं. मला वाटलं, तुम्ही नाही बिघडणार." तिनं मासा खाली ठेवला, अगदी हळू. "काल सहा लोकांसमोर मी खोटं वाचलं. माझ्या आवाजात."

ती उठली, तराफे बंद केले आणि गाडीत जाऊन बसली. गाडी मात्र हलली नाही. तासभर ती तिथंच बसून नागपूरला, दिल्लीला, एकेका माणसाला फोन करत होती. काचेआडून श्रावणला तिचे ओठ हलताना दिसत होते.

*

तराफे बंद केले, पण साय गेली नाही. समीक्षानं तिला टिकायलाच बनवलं होतं. मेच्या तापलेल्या, दमलेल्या पाण्यात तिला खाणारे जंतूही थंडावले होते. आरसा तसाच राहिला आणि रोज पहाटे नवी पांढरी पोटं वर येत राहिली. समीक्षा घरीच राहत होती. पाण्याचे नमुने घेत होती, तक्ते करत होती. बापाशी कामापुरतं बोलायची. कधी कधी तेवढंही नाही, आईमार्फत निरोप.

उपाय कांताला सापडला. गाईसाठी आणलेल्या धानाच्या तणसाची पेंढी तिच्या डोक्यावरून घसरून काठाच्या पाण्यात पडली होती. दुपारी ती उचलायला गेली तर पेंढीभोवती, खाटेएवढ्या जागेत, पाणी हलत होतं. बारीक बारीक लाटा. तिनं ओरडून मुलीला बोलावलं.

समीक्षानं पेंढी हातात घेतली. काड्या मेणचट लागत होत्या. "धानाच्या काडीवरही मेणच असतं," ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली. "आपल्यासारखं दिसलं, म्हणून साय त्याला जाऊन चिकटली." मग आईकडे बघून, कितीतरी दिवसांनी, तिचा चेहरा जरा सैल झाला. "माय, तणसाचा दोर वळला तर? बोडीभर लांब?"

रविवारी संध्याकाळी पाळीवर समितीची सभा भरली. समीक्षानं आधी सगळं सांगितलं. काय झालं, का झालं, किती मासे गेले. बापाचं नाव घेतलं नाही. म्हणाली, "डोहावरचे आकडे चुकीचे आले."

श्रावण उभा राहिला. "चुकीचे आले नाई. मी चुकीचे देल्ले. पोरीले मोठं होताना पाहाचं होतं मले. राखणदार म्हून ठेवलं तुमी, आन् मीच राखलं नाई." मग तो म्हणाला, "बस, एवढंच," आणि खाली बसला.

मग लांजेवार मॅडम बोलल्या, आणि त्या श्रावणबद्दल बोलल्या नाहीत.

"मला साय मोडायची नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही विसरलात एक्केचाळीस साल? बोडीच्या तळाशी पोरांनी क्रिकेट खेळलं होतं. मासे पुन्हा सोडता येतील. पाणी कुठून आणणार? आणि..." त्यांचा मुख्याध्यापिकेचा आवाज एकदम बारीक झाला. "आणि इतकी वर्षं आपण इथं राहतो, इतकं शांत कधी काही पाहिलं होतं का आपण?"

बऱ्याच माना हलल्या. श्रावणची स्वतःची मानही हलली असती.

"मॅडम," समीक्षा म्हणाली, "पाणी शांत नाही हो. त्याला श्वास येत नाहीये. आणि साय कायमची मोडा असं मी म्हणत नाही. दिवसा ऊन असताना ठेवू. सूर्य कलला की दोरानं ओढून काढू. दहा-बारा तास बोडी उघडी राहील, गार होईल, वारा पिईल. सकाळी नवी साय पडेल. वाचतं त्याच्या अर्धंच पाणी वाचेल. पण दोन्ही जगतील, पाणीही आणि आतलेही."

"आणि दोर कोण ओढणार? रोज?"

"वीस माणसं लागतील. दोन्ही काठांवर दहा दहा. एकशे चाळीस घरं आहेत. प्रत्येक घराची पाळी आठवड्यातून एकदा येईल. हे माझ्या हातात नाही, मॅडम. मी रेणू जोडू शकते. घरं जोडणं तुम्हालाच जमतं."

मॅडम पाण्याकडे बघत राहिल्या. खालच्या आभाळात दिवेलागण होत होती.

"याद्या माझ्याकडे द्या," अखेर त्या म्हणाल्या.

*

दोर वळायला चार दिवस लागले. ढिवरांच्या बायका, बँकेतले निवृत्त साहेब, कॉलेजच्या मुली, सगळे पाळीवर बसून तणस पिळत होते. ज्यांना वळता येत नव्हतं त्यांना कांता शिकवत होती आणि न लाजता रागवत होती. मांडीएवढा जाड, दोनशे हात लांब दोर झाला.

पहिल्या संध्याकाळी वाऱ्याच्या बाजूनं, पश्चिमेकडून, तो पाण्यात सोडला. उत्तरेच्या काठावर सगळ्यात पुढं श्रावण, दक्षिणेच्या काठावर समीक्षा. मधे आरसा. दोर तरंगला, ताणला गेला, आणि दोन्हीकडून माणसं पावलं टाकू लागली.

दोर जिथून पुढं सरकला तिथं, त्याच्या मागं, पाणी जागं झालं. एकाच पाण्याचे दोन तुकडे दिसत होते. पुढं आभाळ होतं, ढगांसकट, घरांसकट; आणि मागं थरथरणारं काळसर पाणी, ज्याच्यावर संध्याकाळचं ऊन हजार ठिकाणी तुटत होतं. दोर आभाळ गुंडाळत चालल्यासारखा दिसत होता. पायरीवर बसलेल्या लांजेवार मॅडमच्या समोरून तो गेला तेव्हा त्यांचं खालचं घर, उलटा मोह, सगळं त्याच्या पोटात गेलं. त्यांनी डोळे मिटले. मग उठल्या, पदर खोचला आणि उत्तरेच्या रांगेत शेवटच्या माणसामागं दोर धरून चालू लागल्या.

अर्ध्यावर श्रावणचा पाय चिखलात रुतला आणि त्याची बाजू मागं पडली. दोर तिरपा झाला.

"बाबा!" पलीकडून समीक्षाचा आवाज आला, अख्ख्या बोडीवरून. "ओढून रायले का झोपले?"

"ओढतो, ओढतो!" श्रावण ओरडला, आणि पाय कसा सुटला ते त्याला कळलं नाही.

पूर्वेच्या टोकाला दोर पोचला तेव्हा तो करड्या मेणानं जड झाला होता. वीस जणांनी तो काठावर खेचला. मागं वळून बघितलं तर बोडीभर लाटा होत्या. मग वारा आला. दोन महिने त्याला पाण्यावरून काही उचलता आलं नव्हतं. आता तो ओला होऊन आला, घामेजलेल्या मानांवरून, दंडांवरून गेला. कुणीतरी "अहाहा" म्हणालं. लहान पोरं पाण्यात खडे मारत सुटली आणि कुणी त्यांना थांबवलं नाही.

समीक्षा काठानं फिरून श्रावणपाशी आली. तिच्या कोपरापर्यंत मेण होतं.

"मी सगळं छापणार आहे," ती म्हणाली. "तुमचे खोटे आकडे आणि खरे आकडे, शेजारी शेजारी. नायतर पुढच्याले समजनार नाई, का कसं चुकते ते. तुमचं नाव घालू का नको?"

श्रावणनं लाटांकडे बघितलं. "घाल," तो म्हणाला.

*

चाळीस तलावांचं काम दोन वर्षं पुढं गेलं. दिल्लीच्या मंडळींनी समीक्षाला कडक पत्र लिहिलं. त्यातल्या त्या वयस्कर माणसानं वेगळं, हातानं लिहिलेलं पत्रही पाठवलं, ते तिनं कुणाला दाखवलं नाही. मोहबोडीत जुलैत रोहूची नवी पिल्लं सोडली. दोराची यादी पावसाळ्यात थांबली आणि पुढच्या मार्चात पुन्हा लागली. पाळी चुकवणाऱ्या घरी लांजेवार मॅडम स्वतः जाऊन बसायच्या, आणि चहा पाजला तरी गैरहजेरी माफ व्हायची नाही.

समीक्षाचा लेख त्याच मार्चात छापून आला. तिनं एक प्रत घरी पाठवली. लेख इंग्रजीत होता. श्रावणला त्यातलं आपलं नाव तेवढं ओळखता आलं; त्या ओळीत काय लिहिलंय ते समीक्षानं फोनवर सांगितलं होतं. ते पान दुमडून त्यानं खिशात ठेवलं आणि दिवसभर काढून काढून लोकांना दाखवत राहिला. पाळीवर, चहाच्या टपरीवर, दोर ओढणाऱ्यांना. संध्याकाळी कांतानं विचारलं, "एवढं काय लिवलं हाय त्याच्यात?"

"श्रावण दिघोरे यानं दहा दिवस खोटे आकडे देल्ले, असं लिवलं हाय."

कांता त्याच्याकडे बघतच राहिली. "आन् हे तुमी गावभर दाखवत फिरून रायले?"

"हाव," श्रावण म्हणाला. त्यानं कागद पुन्हा उघडला आणि बोटानं ती ओळ सरळ केली. "पाह्य ना. लपवलं नाई तिनं."